कोबीच्या पानातील ‘दोष’ ते पेशीतील संदेश : वनस्पतींमधील मेदविघटक विकरांच्या अभ्यासाचा इतिहास (मुळशीतील भातशेतीच्या संदर्भात)

प्रास्ताविक

मेदाचे विघटन करणारी विकरे म्हटली की महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम पचनसंस्था उभी राहते. स्वादुपिंडाचा रस, लायपेज, स्निग्ध पदार्थांचे पचन हा क्रम शालेय वयापासून पाठ झालेला असतो. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात हेच विकर तेलबियांच्या अंकुरणाच्या प्रकरणात पुन्हा भेटते आणि बहुतेक वेळा तेथेच विषय संपतो. गेल्या काही दशकांतील संशोधनाने मात्र या विकरांना अगदी वेगळे स्थान दिले आहे. अवर्षण, थंडी, जखम, कीड व रोग यांची वार्ता वनस्पतीच्या पेशीत पोहोचविण्याच्या कामी पेशीपटलातील मेद कापणारी विकरे अग्रभागी असतात, हे आता सर्वमान्य आहे. हे स्थान त्यांना सहजासहजी मिळालेले नाही. ज्या रेणूला आज संदेशवाहक म्हटले जाते, तो जवळजवळ अर्धशतक प्रयोगातील दोष म्हणून बाजूला काढून ठेवला गेला होता. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला असून, पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात नेरे व आसपासच्या गावांत पिकणाऱ्या भाताच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो, याचाही विचार केला आहे.

एरंडाचे बी

प्राण्यांमधील मेदविघटनाची शास्त्रीय चर्चा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लॉड बर्नार्ड यांच्या स्वादुपिंडावरील प्रयोगांनी रुजविली. वनस्पतींमध्ये असे विकर आहे हे दाखविण्याचा मान एरंडाकडे जातो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रेनॉल्ड्स ग्रीन यांनी १८९० मध्ये अंकुरणाऱ्या एरंडबियांतील मेदविघटक क्रियेचे वर्णन केले. पुढे १९०२ मध्ये कॉन्स्टाइन, हॉयर आणि वार्टेनबर्ग या जर्मन संशोधकांनी एरंडबियांतील हेच विकर वापरून तेलापासून मेदाम्ले व ग्लिसरीन वेगळे करण्याची पद्धत मांडली. साबण व मेणबत्तीच्या उद्योगाला तिच्यात रस असणे स्वाभाविक होते. मराठीत ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ हा वाक्प्रचार निष्फळ लांबणीसाठी वापरला जातो. विकरांच्या इतिहासात मात्र एरंडाने दोनदा निर्णायक फळ दिले आहे. दुसऱ्या प्रसंगाचा उल्लेख पुढे येईल.

या पहिल्या कालखंडात लायपेजकडे पाहण्याची दृष्टी संपूर्णपणे अन्नसाठ्याची होती. बियाण्यात तेल साठविलेले असते, अंकुराला शर्करा हवी असते आणि विकर या दोहोंमधील दुवा असते. ही मांडणी चुकीची नव्हती, आजही ती खरी आहे. परंतु तिच्यामुळे मेद म्हणजे साठा आणि विकर म्हणजे साठा फोडणारे साधन अशी एक चौकट तयार झाली व पुढील निरीक्षणे त्याच चौकटीत बसविली गेली.

‘दोष’ ठरलेला रेणू

या इतिहासातील सर्वांत लक्षणीय प्रसंग कोबीच्या पानाशी निगडित आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ चिबनॉल आणि चॅनन यांनी १९२७ मध्ये कोबीच्या पानांतील ईथरमध्ये विरघळणाऱ्या पदार्थांचा अभ्यास करताना फॉस्फरसयुक्त असा एक नवा मेद वेगळा केला. त्याला फॉस्फॅटिडिक आम्ल हे नाव मिळाले. लेसिथिनसारख्या परिचित फॉस्फोमेदांना जे नायट्रोजनयुक्त शीर्ष असते, ते याला नव्हते. पानातील एक मूळ घटक म्हणूनच त्याची नोंद झाली.

सुमारे वीस वर्षांनी, १९४७ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठातील हानाहन आणि चायकॉफ यांना गाजराच्या मुळात एक अपरिचित विकर आढळले. ते फॉस्फोमेदातील फॉस्फेट व कोलीन यांमधील बंध नेमका तोडत असे. आज त्याला फॉस्फोलायपेज-डी म्हणतात. १९४८ मध्ये त्यांनी कोबीच्या पानांकडे मोर्चा वळविला. पाने आधी वाफवून विकर निष्क्रिय केले, तर काढलेल्या अर्कात कोलीनयुक्त फॉस्फोमेद शाबूत सापडतात. पाने तशीच वाटली, तर विकर आपले काम उरकते आणि फॉस्फॅटिडिक आम्ल हाती लागते, असे त्यांनी दाखविले. चिबनॉल व चॅनन यांचा ‘घटक’ हा अशा रीतीने पान वाटण्याच्या क्रियेतून निर्माण झालेला पदार्थ ठरला.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा निष्कर्ष अचूक होता. त्याचा पुढील परिणाम मात्र विचार करण्याजोगा आहे. वनस्पतींतील मेदांचे पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळांत फॉस्फोलायपेज-डी ही एक डोकेदुखी मानली जाऊ लागली. ऊती गरम आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवून प्रथम विकर मारावे आणि मगच मेद काढावेत, हा नियम रूढ झाला. अर्कात फॉस्फॅटिडिक आम्ल जास्त दिसले, तर प्रयोगकर्त्याच्या हातून हयगय झाली असे समजले जाई. पान चिरडल्याबरोबर हे विकर इतक्या तत्परतेने का कामाला लागते, हा प्रश्न त्या काळात फारसा विचारला गेला नाही. किडीने पान कुरतडणे आणि प्रयोगशाळेत पान वाटणे या दोन क्रियांत वनस्पतीच्या दृष्टीने फारसे अंतर नाही, ही साधी गोष्ट शिस्तबद्ध प्रयोगपद्धतीच्या आड लपून राहिली. विज्ञानाच्या इतिहासात अचूक दुरुस्तीनेच पुढचा प्रश्न झाकला जाण्याची उदाहरणे आहेत. त्यांत याची गणना करावी लागेल.

१९६७ मध्ये या विकराचा आणखी एक गुणधर्म स्पष्ट झाला. पाण्याऐवजी प्राथमिक अल्कोहोल उपलब्ध असेल, तर ते फॉस्फॅटिडिल गट त्या अल्कोहोलवर चढविते. त्या वेळी हे एक रासायनिक कुतूहल होते. पुढे याच गुणधर्माच्या आधारे जिवंत पेशीत हे विकर सक्रिय झाले आहे की नाही, हे ओळखण्याची कसोटी तयार झाली. द्रावणात थोडे ब्युटेनॉल घालावे आणि फॉस्फॅटिडिल-ब्युटेनॉल तयार होते का ते पाहावे, अशी ती कसोटी होय. (ब्युटेनॉल पेशीतील अन्य रचनांवरही परिणाम करते, ही तिची मर्यादा नंतर ध्यानात आली. म्हणून केवळ या कसोटीवर उभे असलेले निष्कर्ष जपून वाचले पाहिजेत.)

प्राणिपेशीकडून आलेली कल्पना

मेद हे संदेश देऊ शकतात, ही कल्पना वनस्पतिशास्त्रात जन्मली नाही. मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याने १९५३ मध्ये कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांना ॲसिटिलकोलीन दिले असता फॉस्फोमेदांत किरणोत्सारी फॉस्फरस झपाट्याने शिरतो, असे नोंदविले. त्याचा अर्थ लागायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. १९७५ मध्ये रॉबर्ट मिचेल यांनी इनॉसिटॉलयुक्त मेदांच्या विघटनाचा कॅल्शियमच्या संकेताशी संबंध जोडला आणि १९८३ मध्ये स्ट्रेब, अर्विन, बेरिज व शुल्त्झ यांनी फॉस्फोलायपेज-सी या विकरामुळे सुटणारे इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट पेशीतील साठ्यातून कॅल्शियम मोकळे करते, हे सिद्ध केले.

वनस्पतींच्या अभ्यासकांनी ही चौकट उत्साहाने उचलली. १९८७ मध्ये ओटच्या मुळांतील रिक्तिकांवर आणि १९९० मध्ये पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींवर झालेल्या प्रयोगांनी तिला आधारही मिळाला. तथापि उच्च वनस्पतींचे जनुकसंच वाचले गेल्यावर त्यांत प्राण्यांसारखा इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेटचा ग्राही आढळला नाही. वनस्पतींमध्ये फॉस्फोलायपेज-सी आहे, ताणाच्या वेळी ते सक्रियही होते. परंतु पुढची साखळी प्राण्यांच्या साखळीची प्रतिकृती नाही. उसनी चौकट किती दूर न्यावी याचा हा धडा होता आणि त्यामुळेच अभ्यासकांचे लक्ष फॉस्फॅटिडिक आम्लाकडे वळण्यास मदत झाली.

एरंडाचे दुसरे फळ

१९९४ मध्ये शुएमिन वांग आणि सहकाऱ्यांनी फॉस्फोलायपेज-डीचे जनुक प्रथम वेगळे केले, तेही एरंडापासून. तत्पूर्वी कोणत्याही दृश्यकेंद्रकी सजीवात हे जनुक हाती आलेले नव्हते. १९९५ मध्ये मानवी जनुक ओळखताना या वनस्पती-क्रमाचा उपयोग झाला. वैद्यकातून वनस्पतिशास्त्राकडे ज्ञान वाहते या रूढ समजुतीला येथे छेद मिळतो. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, म्युनिक आणि सहकाऱ्यांनी वनस्पतिपेशींत हे विकर संकेतयंत्रणेचा भाग म्हणून सक्रिय होते, असे दाखविले. कोबीच्या पानातला ‘दोष’ पुन्हा चर्चेत आला.

त्यानंतरची वाटचाल वेगवान आहे. १९९७ मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीत फॉस्फोलायपेज-डी-अल्फा दाबले असता तोडलेल्या पानांचे ॲब्सिसिक आम्ल व एथिलीन यांनी घडवून आणलेले वार्धक्य लांबते, असे आढळले. २००१ मध्ये हेच विकर कमी असलेल्या झाडांची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत व पाण्याचा ऱ्हास वाढतो, हे स्पष्ट झाले. २००४ मध्ये या घटनेमागील यंत्रणेचा एक महत्त्वाचा दुवा सापडला. ॲब्सिसिक आम्लाच्या संकेताला लगाम घालणारे एबीआय-१ नावाचे प्रथिन असते. फॉस्फॅटिडिक आम्ल त्याला पेशीपटलाशी जखडून ठेवते. लगाम सैल पडतो आणि पर्णरंध्रे मिटतात. मेद येथे इंधनही नाही आणि केवळ भिंतही नाही. तो एका प्रथिनाची जागा बदलणारा निरोप आहे.

मात्र हे विकर ‘ताण सहन करण्याचे जनुक’ आहे, असा सोपा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. २००२ मध्ये वेल्टी आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, फॉस्फोलायपेज-डी-अल्फा-१ कमी असलेली अरॅबिडॉप्सिसची झाडे गोठणबिंदूखालील थंडीत अधिक तगतात. २००४ मध्ये त्याच कुळातील डेल्टा प्रकार काढून टाकलेली झाडे त्याच थंडीत अधिक बळी पडतात, असे दिसले. एकाच कुळातील दोन विकरे, एकच रासायनिक क्रिया आणि परिणाम परस्परविरुद्ध! अरॅबिडॉप्सिसमध्ये फॉस्फोलायपेज-डीची १२ जनुके आहेत आणि भातात १७. ही संख्या पाहता कोणते विकर, पेशीच्या कोणत्या भागात आणि कोणत्या क्षणी, हे तिन्ही प्रश्न एकत्र सोडविल्याखेरीज गत्यंतर नाही.

जाईचा सुगंध आणि अळीची जखम

मेदविघटनाचा दुसरा प्रवाह फुलांच्या अत्तरातून आला. १९६२ मध्ये जाईच्या तेलातून मेथिल जस्मोनेट वेगळे करण्यात आले. त्या वेळी ते केवळ सुगंधी द्रव्य होते. दुसऱ्या टोकाला १९७२ मध्ये ग्रीन आणि क्लॅरेन्स रायन यांनी (या ग्रीन यांचा एरंडाच्या ग्रीन यांच्याशी आडनावाखेरीज संबंध नाही) बटाटा व टोमॅटोची पाने भुंगेऱ्यांनी खाल्ल्यावर त्यांत प्रथिनविघटक विकरांना रोखणारे अवरोधक वाढतात, असे दाखविले. किडीला पाने खाता येतात, परंतु त्यांतील प्रथिने पचविणे कठीण जाते. खाल्लेल्या पानापासून दूरच्या पानातही हे अवरोधक आढळले, म्हणजे निरोप गेला होता. निरोप्या कोण?

१९८४ मध्ये विक आणि झिमरमन यांनी लिनोलेनिक आम्ल या अठरा कार्बनी मेदाम्लापासून जस्मोनिक आम्ल कसे तयार होते, तो मार्ग मांडला. १९९० मध्ये एडवर्ड फार्मर आणि रायन यांनी जस्मोनेट सोडणाऱ्या सेजब्रशच्या फांद्या टोमॅटोच्या रोपांसह बंद पात्रात ठेवल्या आणि न दुखावलेल्या टोमॅटोत अवरोधक तयार झालेले पाहिले. १९९२ मध्ये त्यांनी पूर्ण साखळी सुचविली. जखमेचा संकेत येताच लायपेज पटलातून लिनोलेनिक आम्ल सोडते, त्याचे जस्मोनिक आम्ल होते आणि संरक्षक जनुके जागी होतात. पुढे २०१३ मध्ये फार्मर यांच्याच गटाने जखमेतून निघणारे विद्युत्-संकेत दूरच्या पानात जस्मोनेटची प्रक्रिया सुरू करतात, हे नोंदविले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात वनस्पतींचे विद्युत् प्रतिसाद मोजणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांचे स्मरण येथे होणे अपरिहार्य आहे, जरी बोस यांच्यासमोर मेदांचा प्रश्न नव्हता.

या साखळीची पहिली कडी, म्हणजे लायपेज, शोधणे सर्वांत अवघड गेले. २००१ मध्ये इशिगुरो आणि सहकाऱ्यांनी डॅड-१ हे विकर ओळखले. ते नसेल तर परागकोश वेळेवर उघडत नाहीत व झाड वंध्य राहते. जस्मोनिक आम्ल दिल्यास दोष दूर होतो. परंतु हे विकर फुलापुरते आहे; पानातील जखमेला ते जबाबदार नव्हते. २००८ मध्ये पानांसाठी डाँगल या विकराचे नाव पुढे आले आणि २०१० मध्ये एलिंगर आणि सहकाऱ्यांनी त्याची आवश्यकता नाकारली. अनेक लायपेज मिळून हे काम वाटून घेतात, असे त्यांचे म्हणणे होते. २०१८ मध्ये हरितलवकातील आणखी दोन लायपेज ॲब्सिसिक आम्ल व जस्मोनेट या दोन मार्गांना जोडतात, असे दिसून आले. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत या पायरीवर नुसते ‘लायपेज’ असे लिहून बाण काढलेला असतो. त्या एका शब्दामागे न मिटलेला वाद आहे, हे अध्यापकांनी विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

पुण्यातील दुवा

रायन यांच्या अवरोधकांचा धागा पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे नेला. १९९८ मध्ये अशोक गिरी, अभय हर्सुलकर, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर प्रभृतींनी हरभऱ्याचे स्वतःचे अवरोधक घाटेअळीच्या आतड्यातील विकरे निष्प्रभ करून टाकतात, असे प्रसिद्ध केले. हरभरा आपले शस्त्र उपसतो, पण अळीने त्याची सवय करून घेतलेली असते. १९९९ मध्ये याच गटाने अळीचे जे नेहमीचे भक्ष्य नाही, अशा भुईमूग, चौधारी घेवडा व बटाटा यांतील अवरोधक अधिक परिणामकारक ठरतात, असे दाखविले. हरभरा, तूर व कापूस या तिन्ही पिकांवर येणाऱ्या या अळीमुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्याचे किती नुकसान होते, हे वेगळे सांगावयास नको. हे संशोधन साखळीच्या शेवटच्या टोकाचे होते. आरंभीच्या टोकाशी, म्हणजे मेदाम्लांच्या रूपांतराशी, पुण्यातील काम हापूस आंब्याच्या निमित्ताने भिडले. त्याच्या स्वादातील लॅक्टोने मेदाम्लांपासून कोणत्या विकरांमुळे बनतात, याचा शोध याच प्रयोगशाळेतून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नेऱ्याच्या खाचरात

हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या शेजारी असलेले नेरे हे गाव मुळशीच्या भातपट्ट्यात मोडते. आंबेमोहोर हे या तालुक्याचे जुने वैभव. उंच वाढणारा, लोळणारा, उत्पन्नाला कमी पण सुगंधाला अजोड असा हा वाण. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ व आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण तयार केला आणि १९८७ मध्ये तो प्रसारित झाल्यावर खाचरांचे चित्र बदलले. खोडकिडा व करपा हे येथील भाताचे जुने शत्रू. खोडकिड्याची अळी खोडात शिरली की गाभा वाळतो किंवा दाणे न भरता लोंबी पांढरी पडते.

भातातील मेदविघटक विकरांवर झालेले दोन अभ्यास या संदर्भात एकत्र वाचण्याजोगे आहेत. २०११ मध्ये ची आणि सहकाऱ्यांनी भाताच्या हरितलवकातील फॉस्फोलायपेज-डी-अल्फा-४ व अल्फा-५ यांची जनुके अर्ध्यापर्यंत दाबली. पट्टेरी खोडकिड्याने खाल्ल्यावर वाढणारे लिनोलेनिक आम्ल, जस्मोनिक आम्ल आणि एथिलीन अशा झाडांत कमी राहिले; अवरोधकही घटले. अळ्या जोमाने वाढल्या, तपकिरी तुडतुड्यांनाही फावले आणि अळीवर जगणाऱ्या परजीवी कीटकाला झाडाकडे खेचणारा गंधही उणावला. उलटपक्षी, २००९ मध्ये यामागुची आणि सहकाऱ्यांनी त्याच कुळातील बीटा-१ हे विकर दाबले, तेव्हा झाडांची करपा व जिवाणूजन्य करपा यांविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढली. मात्र त्याची किंमत अशी की रोग नसतानाही पानांवर मृत ठिपके दिसू लागले.

एक कापणारे विकर वाढवावे तर कीड हटेल, दुसरे दाबावे तर करपा हटेल, अशी जोडाजोड कागदावर आकर्षक दिसते. ताण सहन करणाऱ्या ‘एका जनुकाच्या’ वाणांची आश्वासने ऐकताना वरील दोन्ही निष्कर्ष समोर ठेवावेत. शिवाय २०११ च्या प्रयोगातील खोडकिडा पट्टेरी आहे, तर आपल्याकडे प्राबल्य पिवळ्या खोडकिड्याचे. दोघांची लाळ, खाण्याची रीत आणि भाताचा त्यांना मिळणारा प्रतिसाद एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. आंबेमोहोर आणि त्याचे अपत्य असलेला इंद्रायणी यांच्यात या सतरा जनुकांचे वर्तन सारखे राहिले की संकरात बदलले, हा प्रश्न पुणे परिसरातील महाविद्यालयांच्या आवाक्यातला आहे. दोन्ही वाण हाताशी आहेत आणि मेदांचे वस्तुमानमापन करणारी उपकरणे शहरातील संशोधन संस्थांत असतात.

अडचण नमुना घेण्याची आहे, आणि ती हानाहन व चायकॉफ यांच्या काळापासून तीच आहे. पान कापणे हीच एक जखम आहे. कात्री लागल्याबरोबर विकरे जागी होतात, आणि नमुना पिशवीत घालून खाचरातून प्रयोगशाळेत आणीपर्यंत पानातील मेदांचा आलेख दुसराच झालेला असतो. त्यावर वेल्टी यांच्या पद्धतीत उपाय आहे तो जुनाच. पान तोडताक्षणी ७५ अंश सेल्सियस तापमानाच्या आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवावे आणि सुमारे १५ मिनिटे ठेवावे. पूर्वी ही पायरी उपद्रवी विकर मारण्यासाठी होती, आता ती निरोप त्या क्षणी गोठविण्यासाठी आहे. आयसोप्रोपेनॉल ज्वलनशील असल्यामुळे बांधावर उघड्या ज्योतीवर ते तापविता येत नाही. बॅटरीवर चालणारी तापनपेटी, झाकणाच्या काचनळ्या आणि दोन माणसे लागतात. एकाने पान तोडायचे, दुसऱ्याने वेळ नोंदवायची. भर पावसात, पोटरीएवढ्या चिखलात उभे राहून हे काम करावे लागेल, कारण खोडकिड्याचा हंगाम तोच आहे.